भाईजानचा ताला

आमच्या शाळेत विज्ञानाच्या कपाटाशेजारी एका खिळ्याला लोखंडाची एक वस्तू टांगलेली आहे. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, "टीचर, ये क्या है?" कुणाला तो भटारखान्यातला झारा वाटतो, कुणाला भट्टीत निखारे ओढायची पळी. खरे तर ती मोटारसायकलच्या क्लचमधली एक झिजलेली पोलादी प्लेट आहे आणि तिला हातभर लांबीची लोखंडी पट्टी वेल्डिंगने जोडलेली आहे. माझ्या थोरल्या भावाने ती बनवली. तो तिला 'ताला' म्हणतो. कुलूप नव्हे, किल्ली नव्हे, ताला.

हे एवढे साधे वाक्य, 'माझ्या भावाने ती बनवली', उच्चारायला मला अकरा वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत आहे.

भाईजान माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. सोलापुरात आमचे दोन खोल्यांचे घर. अब्बा यंत्रमागावर कामाला होते आणि अम्मी घरी बिड्या वळायची. मागाच्या खात्यात वर्षानुवर्षे कापसाची धूळ छातीत गेली आणि अब्बांचा दमा बळावला. १९९९ च्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले ते पुन्हा मागावर गेलेच नाहीत. भाईजान तेव्हा आठवीत होता. मी चौथीत. एका सकाळी त्याने दप्तर माझ्या पुढ्यात ठेवले, त्यातली कंपास पेटी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ये तू रख. मेरेकू अब पाना पकडना है." विजापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात तो लागला. सुरुवातीला पगार नव्हता. रोज दोन वेळचा चहा, जुम्म्याला दहा रुपये आणि उस्तादची बोलणी.

उस्ताद येझदीच्या जमान्यातले. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या त्या गाड्या १९९६ पर्यंत निघत होत्या. उस्ताद त्या डोळे मिटून खोलत. पण १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, मग १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि गावोगावच्या दूधवाल्यांनी, शेतकऱ्यांनी, मास्तरांनी त्याच गाड्या घ्यायला सुरुवात केली. येझदीचा क्लच डाव्या अंगाला, या गाड्यांचा उजव्या. त्याची हत्यारे याला लागत नाहीत. उस्तादच्या लाकडी पेटीत आयुष्यभर जमवलेले पाने होते, त्यातले निम्मे एकाएकी मुके झाले.

मी विज्ञान शिकवते, म्हणून क्लच म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगते. या गाड्यांत उजव्या कव्हराच्या आत, तेलात बुडालेला एक ड्रम असतो. तो इंजिनबरोबर फिरतो. ड्रमच्या मध्यभागी एक हब असतो. तो गिअरच्या शाफ्टला जोडलेला. या दोघांच्या मधे चकत्या रचलेल्या असतात, एकाआड एक. एका जातीच्या चकतीवर घर्षणाचा खरखरीत थर असतो आणि तिला बाहेरच्या कडेला कान असतात. ते कान ड्रमच्या फटींत बसतात. दुसरी चकती साध्या पोलादाची. तिला आतल्या कडेला दात असतात आणि ते हबवर बसतात. स्प्रिंगा या सगळ्या चकत्या एकमेकींवर दाबून धरतात. दाब असेल तोवर इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. आपण डाव्या हाताने लिव्हर दाबला की दाब सुटतो, चकत्या मोकळ्या होतात आणि इंजिन चालू असूनही गाडी जागच्या जागी उभी राहते. उर्दूत घर्षणाला आम्ही 'रगड' शिकवतो. सगळा खेळ त्या रगडीचा. ती संपली की क्लच 'स्लिप' मारतो. म्हणजे इंजिन नुसते ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही.

भाईजानच्या गॅरेजात सर्वांत जास्त क्लच दूधवाल्यांचे यायचे. मंद्रुपच्या बाजूने पहाटे शहरात येणारी ही मंडळी. गाडीच्या दोन्ही अंगांना भरलेले कॅन, गर्दीत क्लच अर्धा दाबूनच गाडी चालवायची. दाब अर्धवट राहिला की चकत्या एकमेकींवर घासत राहतात, तापतात, जळतात. दूध तर थांबू शकत नाही. गाडी सकाळी आली की दुपारपर्यंत द्यावी लागे.

अडचण यायची ती मधल्या नटाची. ड्रम किंवा हब बाहेर काढायचा तर हबला शाफ्टवर पकडून ठेवणारा हा नट सोडवावाच लागतो. पाना लावून जोर दिला की नट सुटत नाही, अख्खा हबच फिरतो. गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरला तर कधी कधी जमते. पण इंजिन उतरवून टेबलावर घेतले की कसले चाक आणि कसला ब्रेक? हब धरून ठेवणारे खास हत्यार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात असे. रस्त्यावरच्या गॅरेजात ते कुठून येणार? मग दातांत पेचकस अडकवायचा किंवा नटाच्या कडेला छन्नी लावून हातोडीने ठोकायचे. दहापैकी नऊ वेळा काम निभावते. दहाव्या वेळी ॲल्युमिनियमचा तुकडा उडतो.

२००१ मध्ये भाईजानच्या हातून ती दहावी वेळ आली. छन्नी निसटली आणि हबचा कान तुटला. गाडी एका दूधवाल्याची. उस्तादने सगळ्यांसमोर कानाखाली दिली आणि हबचे पैसे त्याच्या हिशेबातून कापले. तोवर त्याला आठवड्याला शंभर रुपये मिळू लागले होते. तीन आठवडे घरात भाजी आली नाही. अम्मी काही बोलली नाही. अब्बा खोकत म्हणाले, "बेटा, मशीनकू मारना नको. मारा तो मशीन बी मारतीच."

भाईजान त्या रात्री जेवला नाही. दोन-तीन दिवसांनी भंगारातून झिजलेल्या क्लच प्लेटा आणि तो तुटका हब घेऊन घरी आला. ओट्यावर बसून त्याने पोलादी प्लेट हबवर चढवली, काढली, पुन्हा चढवली. प्लेटचे आतले दात हबवर नेमके बसत होते. बसणारच, ती त्याच्यासाठीच तर बनलेली. तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि एकदम हसला. "इसकूच दांडा लगा दिया तो?"

शेजारच्या गल्लीत एकाचे वेल्डिंगचे दुकान होते. इशाच्या नमाजनंतर भाईजान मला घेऊन तिथे गेला. मी सहावीत होते. माझे काम टॉर्च धरण्याचे. दुकानातला दिवा गेलेला आणि पट्टी नेमकी कुठे बसवायची ते दाखवायला उजेड हवा. "हात हिलाव नको गे, सीदा पकड." ठिणग्या उडायला लागल्या की मी डोळे मिटायचे आणि टॉर्च हलायचा.

पहिले हत्यार फसले. एकच प्लेट पातळ पडली आणि जोर लावताच तिचे दात वाकले. दुसऱ्या खेपेला त्याने दोन प्लेटा त्या तुटक्या हबवर एकावर एक चढवल्या, म्हणजे दोघींचे दात एका रेषेत आले, आणि मग बाहेरच्या कडेने जोडल्या. एका जागी सलग वेल्डिंग केले की पत्रा तापून वाकतो, म्हणून एक टाका इकडे, पुढचा त्याच्या समोरच्या बाजूला. मग एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या त्या प्लेटांना त्याने पट्टी जोडली. ज्या हबपायी मार खाल्ला, त्याच हबवर हत्यार बेतले गेले. दुसऱ्या दिवशी गॅरेजात त्याने ताला हबवर चढवला, दांडा बारक्या पोराच्या हातात दिला आणि नट एका झटक्यात सुटला. उस्ताद काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी ताला हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि आपल्या लाकडी पेटीत ठेवला. भाईजान घरी येऊन सांगत होता, "उस्ताद की पेटी में रक्खे! पेटी में!" बोर्डात पहिला आल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

दुसरे हत्यार त्याहून अवघड होते. या गाड्यांतला तो नट साधा षटकोनी नसतो. तो गोल असतो आणि त्याला चार खाचा असतात. साधा पाना त्याला धरतच नाही. चार खाचांत बसतील असे चार दात असलेला पाना हवा. भाईजानने पाण्याच्या पाइपाचा तुकडा कानशीने घासून पाहिला. पहिल्याच जोराला दात पिळवटले. मग भंगारातून जुन्या बॉक्स पान्याचे टणक डोके आणले. पण चार दात सारख्या अंतरावर आखायचे कसे? अंदाजाने आखले की एक दात हमखास हुकायचा.

तेव्हा मी म्हणाले, "मैं निकाल के देऊं?"

नट तेलात बुडवून कागदावर दाबला आणि त्याचा ठसा घेतला. मग मी त्याच कंपास पेटीतले कर्कटक काढले. वर्तुळ, व्यास, व्यासाचा लंबदुभाजक. चार बिंदू मिळाले. त्याच आठवड्यात आम्हाला शाळेत ते शिकवले होते आणि ते कशासाठी शिकतात हे मला कळले नव्हते. भाईजानने तो कागद कापून पान्याच्या तोंडावर चिकटवला आणि खुणेबरहुकूम चार दात सोडून बाकीचे लोखंड कापून काढले. पाना बसला. त्याने माझ्याकडे पाहिले, कंपास पेटीकडे पाहिले आणि काही न बोलता कानस पुसायला घेतली. त्याला तेव्हा काय वाटले असेल, हा विचार मला फार उशिरा सुचला.

हळूहळू आमचे घर अशा वस्तूंनी भरत गेले. सायकलीचा स्पोक वाकवून केलेला हूक, स्टँडची स्प्रिंग ओढायला. खिडकीच्या गजाला रात्रभर टांगलेली क्लचची वायर. तिच्या वरच्या तोंडाला दुधाच्या पिशवीचा कोपरा बांधून त्यात तेल ओतलेले असायचे. थेंब थेंब तेल वायरच्या आतून उतरून सकाळपर्यंत खालच्या वाटीत जमायचे. वाटी अम्मीची असायची, त्यामुळे सकाळ भांडणाने उजाडायची. नव्या घर्षणाच्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजत ठेवाव्या लागतात, त्याही आमच्याच पातेल्यात. रमजानमध्ये एकदा अम्मीने इफ्तारीला पातेले शोधले तर त्यात क्लच प्लेटा!

भाईजानची कमाई वाढत गेली. २००८ मध्ये त्याने स्वतःचे छोटे गॅरेज काढले. उस्तादने निघताना तो पहिला ताला परत दिला. मी बारावी झाले, बी. एस्सी. झाले आणि बी. एड.ला लागले. त्या वेळी बी. एड. एका वर्षाचे होते. फी भाईजानने भरली. नोटांना ऑइलचा वास यायचा. कॅशियरच्या खिडकीत नोटा सरकवताना मी त्या पदराखालून काढायची, वास उडून जावा म्हणून थोडा वेळ बाहेर धरायची. हे लिहितानाही हात थबकतो. पण लिहायला बसले आहे तर ते गाळून कसे चालेल?

२०१२ मध्ये सराव पाठ होता. विषय होता घर्षण. शैक्षणिक साहित्य आणायचे होते. मी भाईजानकडून एक नवी प्लेट, एक जळून गुळगुळीत झालेली प्लेट आणि ताला मागून नेला. पाठ फार छान झाला. मुलांनी दोन्ही प्लेटांवरून बोटे फिरवली. खरखरीत आणि गुळगुळीत यातला फरक त्यांना सांगावा लागला नाही. ताला पाहून तर मुले थक्क झाली. पाठ संपल्यावर निरीक्षक सरांनी तो हातात घेतला आणि कौतुकाने विचारले, "हे स्वनिर्मित आहे का? कोणी बनवलं?"

वर्गात मागे माझ्या बरोबरीच्या मुली बसल्या होत्या. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे प्राध्यापक. खिडकीतून खाली फाटक दिसत होते. तिथे भाईजान गाडी लावून उभा होता. साहित्य जड म्हणून तो मला सोडायला आला होता आणि परत न्यायला थांबला होता. शर्ट काळा, नखे काळी.

मी म्हणाले, "बाजारातून आणलं, सर."

सरांनी शेरा लिहिला. साहित्य उत्तम आहे, स्वनिर्मित असते तर अधिक बरे झाले असते, अशा अर्थाचा. खोटे बोलून माझे गुणही गेले. खाली आल्यावर भाईजानने विचारले, "पसंद आया क्या उनकू?" मी म्हणाले, "हौ, बहुत." "किसने बनाया पूछे क्या?" मी गाडीवर बसता बसता म्हणाले, "नहीं पूछे." तो हसला. "कैको पूछेंगे? लोहे का टुकडा."

पुढे माझ्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा कागदावर 'भाऊ : ऑटोमोबाइल व्यवसाय' असे लिहिले गेले. ते अक्षर माझेच होते.

२०१४ मध्ये मी शिक्षिका झाले, तीही ज्या शाळेतून भाईजान आठवीत बाहेर पडला होता त्याच शाळेत. बी. एड.च्या पुस्तकांतून गळतीवर प्रकरणेच्या प्रकरणे वाचली होती. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातला आकडाही पाठ होता. सहा ते चौदा वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एक तर कधी शाळेत गेलीच नव्हती, नाही तर शाळा सोडून गेली होती. भाषणांत मी हा आकडा अनेकदा वापरला. त्या २५ टक्क्यांत असा एक जण माझ्याच घरात होता, ज्याने मला उरलेल्या ७५ टक्क्यांत ठेवले, हे मात्र मी कुठल्याही भाषणात बोलले नाही.

मग कोरोना आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पुन्हा भरल्या तेव्हा पटावरची कितीतरी नावे नुसतीच नावे राहिली होती. २०२२ च्या जूनमध्ये नववीच्या वर्गात एक मुलगा सलग तीन आठवडे आला नाही. बुद्धीने चांगला, हाताने तर फारच. घरी गेले. आई म्हणाली, कामाला लागला. कुठे? गॅरेजात. कुठल्या? तिने पत्ता सांगितला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. तो माझ्याच भावाच्या गॅरेजात होता.

मी तशीच गॅरेजात गेले. मुलगा स्टुलावर बसून प्रेशर प्लेटचे बोल्ट सोडवत होता. एक इकडचा थोडासा, मग समोरचा थोडासा, तिरपे, आळीपाळीने. एकच बोल्ट पूर्ण सोडला तर दाब एकीकडे येऊन प्लेट तडकते, हे त्याला कुणीतरी नीट शिकवले होते. मला पाहून तो उठून उभा राहिला. "अस्सलामु अलैकुम, टीचर." हातात टी-पाना तसाच.

मी भाईजानला बाजूला घेतले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. शिक्षण हक्क, बालकामगार, कायदा, गुन्हा. "तुम्हारे साथ जो हुआ वो तुम दुसरे के साथ करते?" असेही बोलले.

तो शांतपणे चिंधीने हात पुसत राहिला. मग म्हणाला, "चौदा पूरे हो गए उसके. तेरा हक का कायदा चौदा तक का ना?" मी गप्प झाले. २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचाच आहे, हे त्याला माहीत होते. "उसका बाप गया कोरोने में. तू उसकू इस्कूल को ले जा. हौ, ले जा. घर में चूल्हा कौन जलाएगा, वो बी देख ले. मेरे टैम को कोई टीचर घर को नहीं आए. तू आई, अच्छा की."

मी काहीच बोलू शकले नाही. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच अधिक लागले.

आठ दिवसांनी तो स्वतःच घरी आला. अम्मीने चहा दिला. बराच वेळ तो बशीकडे बघत बसला आणि मग बोलला ते असे: २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ गाड्या आल्या. कार्बुरेटर गेला, इंजेक्शन आले. बिघाड शोधायला स्कॅनर लावावा लागतो आणि स्कॅनर इंग्रजीत बोलतो. "क्लच तो वैसाच है, हात से समझता. पर वो डब्बा मेरेकू नहीं समझता. छोकरा पढके बताता. आधा पढता, आधा अटकता." पुढे म्हणाला, "और अब वो बॅटरी की स्कूटरां. उनमें क्लचच नहीं. मेरी पूरी पेटी भंगार." उस्तादच्या पेटीतले पाने एकाएकी मुके झालेले त्याने पाहिले होते. आता पाळी त्याची होती. "छोकरे के हात में हुनर मैं देतऊं. पर दसवी तू देना उसकू. आयटीआय में मोटार मेकॅनिक को दसवी पूछते."

ठरले असे की मुलगा दुपारपर्यंत शाळेत येईल आणि संध्याकाळी दोन तास गॅरेजात जाईल, तेही शिकायला. घरखर्चाला भाईजान त्याच्या आईला महिन्याला काही रक्कम देईल. किती ते त्याने मला आजवर सांगितलेले नाही.

ही गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती. तशी ती झाली नाही. मुलगा काही दिवस आला, काही दिवस नाही. नववीत नापास झाला. पुन्हा त्याच वर्गात बसायला त्याला लाज वाटली आणि त्याने शाळा सोडली. मी हरले असे मला वाटले. पण त्याआधी, त्याच वर्षी, एक दिवस असा आला की तो मला सांगितलाच पाहिजे.

२८ फेब्रुवारी २०२३. विज्ञान दिन. मी मुख्याध्यापकांना सांगितले की घर्षणाचे प्रात्यक्षिक एक बाहेरचे पाहुणे दाखवतील. भाईजान नाही नाही म्हणत होता. शेवटी आला. धुतलेला पांढरा शर्ट, हाताला साबणाचा वास, नखांत मात्र तो काळा रंग तसाच. वर्गाच्या दारात त्याने चपला काढल्या. मी म्हणाले, राहू द्या. तो म्हणाला, "अपने टैम में निकालते थे." खुर्ची दिली तर बसला नाही. त्याच वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर तो बसत असे, हे मला त्याने त्या दिवशी सांगितले.

त्याने टेबलावर क्लच मांडला. ड्रम, हब, प्लेटा, स्प्रिंगा. ताला पिशवीतून काढला. मुले टाचा उंचावून बघू लागली. एका मुलाने विचारले, "टीचर, ये औजार कौनसी कंपनी का है?"

भाईजान उत्तर द्यायला लागला होता, पण मी पुढे झाले. म्हणाले, "ये किसी कंपनी का नहीं है. ये मेरे बडे भाई हैं. ये इन्होंने बनाया है. इन्होंने आठवी में इसी स्कूल से पढाई छोडी, ताकि मैं पढ सकूं. ये जब पहली बार बना तब टॉर्च मैंने पकडी थी."

वर्ग शांत झाला. भाईजान माझ्याकडे न बघता हबवर प्लेट चढवत होता. ती लगेच बसेना. एवढ्या वर्षांत मी त्याचे हात थरथरताना प्रथमच पाहिले. तो मुलगा पुढच्या बाकावर होता. तो उठला, हब धरला आणि म्हणाला, "उस्ताद, मैं पकडतऊं." मग प्लेट बसली.

घरी जाताना मी भाईजानला २०१२ ची गोष्ट सांगितली. सरांनी विचारले होते, मी खोटे बोलले होते. तो गाडीला किक मारता मारता थांबला. म्हणाला, "मेरेकू मालूम था." कसे, ते विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. तो ताला त्याने शाळेला दिला. दुसरा बनवलाय, म्हणाला. तसे आता ही हत्यारे बाजारात तयार मिळतात, पण त्याला ती पसंत पडत नाहीत.

मुलाने पुढे १७ नंबरचा फॉर्म भरला आणि मार्च २०२५ मध्ये बाहेरून दहावीला बसला. इंग्रजी आणि गणित राहिले. पुरवणी परीक्षेत इंग्रजी सुटले. गणित अजून आहे. त्यात भूमिती त्याला जास्त छळते.

म्हणून मी रविवारी सकाळी गॅरेजात जाते. शटर अर्धे खाली असते. टेबलाच्या एका टोकाला पाने, दुसऱ्या टोकाला वही. भाईजानने त्याला नवी कंपास पेटी आणून दिली आहे आणि तिच्यावर तेलाची बोटे उमटली आहेत. गेल्या रविवारी लंबदुभाजक चालला होता. मुलाला काही केल्या जमेना. तेव्हा भाईजान खालून, इंजिनाशेजारून म्हणाला, "नट याद कर. चार खांचे." मुलाने डोळे मिटले, मग वर्तुळ काढले, व्यास काढला आणि कर्कटक बरोबर जागी ठेवले.

मी वहीत बरोबरची खूण केली. तेवढ्यात खालून हाक आली, "टॉर्च पकड गे, इदर अंधेरा है."

मी टॉर्च धरला. आता माझा हात हलत नाही.